थर्झामावशीची जुनी बॅटरी

मी एक जुनी बॅटरी बोलतेय. विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी. हातभर लांब, वजन तीन किलोच्या आतबाहेर आणि काळ्या कवचावर सात वर्षांचे ओरखडे. अंगात आता दम नाही, तेव्हा मध्येच आवाज बसला तर समजून घ्या.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथली माणसं डोक्याला जाळी बांधून वावरायची आणि आपसात फार कमी बोलायची. अंगठ्याएवढ्या चाळीस नळकांड्या त्यांनी ओळीने उभ्या केल्या, एकमेकींना जोडल्या आणि उशाशी एक हिरवी पट्टी बसवली. ती पट्टी म्हणजे माझी अक्कल. वीज किती प्यायची, कुठे थांबायचं, कधी 'आता पुरे' म्हणून दार लावून घ्यायचं, हे सगळं ती ठरवायची. ताकद तर आम्हा सगळ्याच बॅटऱ्यांकडे असते. अक्कल ठिकाणावर असेल तोवरच ती माणसाच्या उपयोगी पडते.

आमची जात पेट घेणारी, म्हणून विमानात आम्हाला जागा नाही. ब्रिस्बेनच्या दुकानातून मी नॉरफोक बेटावर आले ती जहाजाने, एका लाल सायकलीच्या पोटाशी अडकून. बेटाला बंदर नाही. जहाज लांब समुद्रात उभं राहतं, माल क्रेनने खाली पडावात सोडतात आणि एक लाँच तो पडाव ओढत धक्क्याला आणते. त्या दिवशी समुद्र शहाण्यासारखा वागला. धक्क्यावर गमबूट घातलेला एक आडदांड माणूस उभा होता. कधीतरी क्रेनच्या साखळीत पाय सापडल्यापासून तो जरा तिरका चालायचा. नाव वेस्ली, पण सगळं बेट त्याला खेकड्या म्हणायचं. टेलिफोनच्या पुस्तकातही त्याच्या नंबरापुढे खेकड्या असंच छापलेलं होतं. त्याने सायकल खांद्यावर घेतली आणि ओरडला, "मावशे, तुझा घोडा आला गं!"

"घोडी म्हण. आणि जपून ठेव खाली," गर्दीतून उत्तर आलं. "तुझ्या हाताचा गुण माझ्या शिलाई मशीनने पाहिलाय."

ती थर्झामावशी. खेकड्या तिच्या बहिणीचा मुलगा, पण बेटावर पन्नाशीच्या आतले सगळेच तिला मावशी म्हणत. तेव्हा ती एकोणसत्तर वर्षांची होती. पायात रबरी चपला, डोक्यावर स्वतः विणलेली ताडाच्या पातीची टोपी, आणि तोंड एखाद्या कात्रीसारखं. मला ती पाहताक्षणी आवडली.

त्याच वर्षी तिचा नवरा रॉय वारला होता. मोटार तोच चालवायचा. मावशीने जन्मात चाक हातात धरलं नव्हतं. घर टेकडीच्या माथ्यावर, रॉयने पाइनच्या फळ्यांचं स्वतः बांधलेलं. दुकान खाली, चर्च खाली, समुद्रही खाली. तिची मुलगी केरी ब्रिस्बेनला राहायची. बापाच्या मातीला आली तेव्हा तिने विषय काढला, "आई, घर विकू आणि तू माझ्याकडे चल."

"मी तुझं काय वाकडं केलंय म्हणून मला तुरुंगात टाकतेस?"

"पाचव्या मजल्यावर प्रशस्त फ्लॅट आहे, त्याला तुरुंग म्हणतात?"

"तुरुंगालाही मजले असतातच की."

चार दिवस हे चाललं. शेवटी मायलेकींचा करार झाला. आई जोवर स्वतःच्या जिवावर टेकडी उतरून परत चढू शकते, तोवर ती बेटावर राहील. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी बॅग भरायची, कुरकुर करायची नाही. मावशीने हात पुढे केला, केरीने तो धरला. मग केरीनेच सायकल पाठवली. मुलगी वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते.

त्यानंतर सात वर्षं आमचा दिवस ठरलेला. सकाळी आठला मावशी सायकल काढायची, रूटी हिलचा उतार ब्रेकवर ब्रेक दाबत उतरायची आणि किंग्स्टनच्या खाडीत अर्धा तास पोहायची. तिच्या गुडघ्यांना दुसरं औषध नव्हतं. पाण्यात ती मासोळी असायची, जमिनीवर आली की 'आई गं, आई गं'. रस्त्यात गाईंना मान द्यायचा, समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटारीला एक बोट उचलून रामराम करायचा. कुणी बोट उचललं नाही की मावशी लगेच म्हणायची, "हा पाहुणा दिसतोय, नाहीतर याच्या घरी काहीतरी बिनसलंय." आणि मग परतीचा चढ. तो माझा. ती पायडल मारायची नावापुरतं, बाकी सगळं मी ओढायचे. माथ्यावर पोचलो की ती माझ्या कवचावर थाप मारायची आणि म्हणायची, "शाबास पोरी." माणसाला वाटतं यंत्राला काय कळतंय. असू दे.

दुपारी छपरावरच्या सौर पाट्यांवर ऊन आलं की ती मला सायकलवरून काढून शिलाईच्या खोलीत चार्जिंगला लावायची. एका उन्हाळ्यात ती माझ्या अंगावर ओलं केलेलं फडकं टाकायला आली, तेव्हा तिला कुणीतरी ओरडून थांबवलं. ओरडणारा एल्विन. गायरानाच्या विजेच्या कुंपणापासून गवत कापायच्या यंत्रापर्यंत सगळं दुरुस्त करणारा बेटावरचा एकमेव माणूस. हडकुळा, शिस्तीचा, आणि मावशीचा शाळूसोबती. तो म्हणाला, "थर्झा, पाण्याशी हिचं वैर आहे. फडकंबिडकं काही नको." मावशीने फडकं बाजूला ठेवलं, पण तिला ते पटलं नसावं. या बेटावर पाण्याने कुणाचं बिघडल्याचं तिने पाहिलंच नव्हतं.

म्हातारपण आम्हालाही येतं. आधी चार दिव्यांपैकी एक लवकर विझायला लागला. मग खाडीपर्यंत जाऊन येईतो दोन. मावशी चार्ज वाढवायची, माझ्याच्याने पिववतच नव्हतं. ऑगस्टमधली ती सकाळ मला विसरता येत नाही. वारा समोरून होता. रूटी हिलच्या निम्म्यावर माझा शेवटचा दिवा लुकलुकला आणि मी थांबले. ठरवून नाही हो. अंगातलं सगळं संपलं होतं. मावशी उतरली. पंचवीस किलोची सायकल ढकलत, दर दहा पावलांना थांबत ती वर आली. दोन मोटारी थांबल्या, तिने दोघांनाही "व्यायाम चाललाय" म्हणून पिटाळलं. घरी आल्यावर ती पायरीवर बसली आणि पदर नसलेल्या बाईने रडू कुठे लपवावं, म्हणून तोंड टोपीत घालून रडली. मी तिच्यासमोर सायकलवर अडकलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नवी बॅटरी शोधायची मोहीम सुरू झाली. एल्विनने मला टेबलावर घेतलं, मोजपट्टी लावली, फोटो काढले, पोटाखालच्या चार खुंट्यांचं चित्र कागदावर काढलं. फोनवर तो दिवसदिवस बसायचा. माझ्या कंपनीने कधीच गाशा गुंडाळला होता. मेलबर्नचा माणूस म्हणाला, अशा आकाराची आता कुणी करत नाही. पर्थची बाई म्हणाली, अख्खी सायकलच नवी घ्या. एकाने विचारलं, विमानाने पाठवू का? एल्विनने त्याला विमानाचे नियम तोंडपाठ ऐकवले आणि फोन ठेवला.

"हिलाच उघडून आतल्या नळकांड्या बदलता येत नाहीत का?" मावशीने विचारलं.

"येतात. पण मी नाही हात लावणार. एक चुकली तर तुझ्या घराची होळी होईल."

"एवढा भित्रा होतास म्हणून तुझं लग्न राहिलं."

"लग्न राहिलं म्हणून हात शाबूत आहेत," एल्विन म्हणाला आणि पुन्हा फोन फिरवायला बसला.

सहाव्या आठवड्यात सिडनीला एक मिळाली. तेवढ्याच दाबाची, जराशी रुंद. सायकलवरची बैठकीची पट्टी बदलावी लागेल, दोन भोकं पाडावी लागतील, पण बसेल. जहाज ऑक्टोबरात येणार होतं.

तोवर मावशी लोकांच्या मोटारींतून फिरली. नाही म्हणायला कुणी नव्हतंच. पण रस्त्याच्या कडेला टोपी सांभाळत उभं राहणं तिच्या जिवावर यायचं. हळूहळू ती खाडीवर जायची बंद झाली. गुडघे सुजले. रविवारी केरीचा फोन यायचा आणि मावशी खोटं बोलायची, "हो, पोहून आले. पाणी गार होतं." तिसऱ्या रविवारी केरी म्हणाली, "आई, मला दुकानातल्या लोकांनी सांगितलं. करार आठवतो ना? मी नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी येतेय. तू टेकडी उतरून चढून दाखव. नाहीतर तिकीट दोघींचं काढीन."

मावशी फोन ठेवून म्हणाली, "माझ्या पोटची पोर इन्स्पेक्टर झाली."

जहाज आलं ऑक्टोबरच्या वीस तारखेला. आलं आणि समोर उभं राहिलं. समुद्र खवळलेला, पडाव सोडता येईना. चार दिवस सगळं बेट ते जहाज बघत होतं. बटाटे त्यात, पीठ त्यात, कुणाच्या लग्नाचे कपडे त्यात. पूर्वी असंच एक जहाज माल न उतरवता निघून गेलं होतं, ते सगळ्यांना आठवत होतं. मावशी ओसरीत खुर्ची टाकून बसायची. पाचव्या दिवशी वारा थोडा पडला आणि धक्क्यावरच्या लोकांनी घाई केली. घाई त्यांनी सगळ्यांसाठीच केली, पण खेकड्याने विशेष केली. त्याला पहिल्या शुक्रवारचं माहीत होतं.

पुढचं मी पाहिलं नाही. त्यानेच नंतर एकट्याने बोलताना सांगितलं. बॅटरीचं खोकं दुसऱ्या पडावात होतं, कांद्याच्या पोत्यांवर. लाँचने दोर ताणला आणि त्याच क्षणी एक लाट कडेवरून आत आली. पोती घसरली. खोकं तळाशी गेलं आणि धक्क्याला येईतो चांगला अर्धा तास खाऱ्या पाण्यात बसलं.

आता या बेटाची एक रीत सांगते. समुद्राने चाटल्याशिवाय इथे वस्तू येतच नाही. मग ती पावसाच्या टाकीतल्या गोड्या पाण्याने धुवायची, पत्र्यावर तीन दिवस उन्हात ठेवायची आणि वापरायला घ्यायची. मावशीचं शिलाई मशीन असंच आलं. चर्चचा बाजा असाच आला, तो आजही सुरात आहे. रॉयचा रेडिओ, डॉक्टरांचं वजनाचं यंत्र, शाळेची पुस्तकं, सगळं पत्र्यावर वाळलेलं. आज्यापणज्यांपासून हेच चालत आलंय आणि याने कधी कुणाचं नुकसान झालं नाही. खेकड्याने खोकं उघडलं, नव्या बॅटरीवर नळी सोडली, पुसली आणि स्वतःच्या पत्र्यावर ठेवली. तीन दिवसांनी ती छान चमकत होती.

तो तिला घेऊन आला तेव्हा एल्विन हत्यारं मांडून बसला होता. मी शेजारीच टेबलावर होते.

"खोकं कुठंय?" एल्विनने विचारलं.

"फाटलं. टाकून दिलं."

"भिजलीबिजली नाही ना?"

खेकड्याने मावशीकडे पाहिलं. मावशीला सगळं माहीत होतं, पत्र्यावर वाळत असताना तिने दोनदा फोन करून चौकशी केली होती. ती किटलीत चहाची पूड मोजून टाकायला लागली.

"उडाले असतील चार शिंतोडे," खेकड्या म्हणाला. "पुसून घेतलीय."

एल्विनने मीटर लावला. आकडा बरोबर आला. त्याने माझी जुनी बैठकीची पट्टी काढली, सायकलच्या दांड्याला दोन भोकं पाडली, नवी पट्टी आवळली, तारा सोलून जोडल्या, वर टेप गुंडाळली. नवी खटकन बसली. माझ्या जागेवर. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. सात वर्षांचा संसार, आणि खटकन एक आवाज झाला की संपला.

"आणि ही म्हातारी?" मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"घरात ठेवू नकोस. जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो. वाळूच्या बादलीत घाल आणि परसातल्या टाकीपाशी कुंपणाच्या भिंतीवर ठेव. पुढच्या जहाजाने पाठवू विल्हेवाटीला." एल्विन माझ्या बाबतीत फार काळजीपूर्वक वागला. मला गळ्यापर्यंत वाळूत पुरलं.

दुसऱ्या दिवशी मावशी खाली गेली आणि पोहून वर आली. टाकीपाशी सायकल लावताना गात होती. तिसऱ्या दिवशी गेली. घरी येऊन तिने केरीला फोन लावला, आवाज माझ्यापर्यंत येत होता. "येऊ नकोस गं उगीच. तिकिटाचे पैसे नातवाच्या बुटांना घाल. तुझी आई दोनदा चढून आली, आणि गाईला मागे टाकून आली." हिरव्या केळ्यांचा पिलहाय, म्हणजे बेटावरची जाडसर वडी, भाजून तिने अर्धा खेकड्याकडे पाठवला, अर्धा एल्विनकडे. माझ्या कवचावर थाप मारून म्हणाली, "तूही चांगलीच होतीस हो." त्या दिवशी माझा हेवा गेला. ती इथे राहणार, एवढं मला पुरे होतं.

चौथ्या दिवशी सायकल माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मला वास आला. गोडसर, कुजक्या फळासारखा. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, आमच्या जातीला कळतो. मी नव्या बॅटरीकडे पाहिलं. तिच्या कवचाच्या सांध्याशी पांढरी भुकटी साचली होती. मीठ. नळकांड्यांच्या मधल्या फटींत शिरलेलं खारं पाणी उन्हात वाळलं होतं, पण मीठ कुठे जाणार? ते तिची हिरवी पट्टी खात होतं. बिचारी तरणीताठी पोर, पण तिला 'पुरे' म्हणता येत नव्हतं.

मी बोलायचा किती प्रयत्न केला म्हणून सांगू! अंगात होती नव्हती तेवढी ताकद एकवटली, एखादा दिवा तरी लुकलुकेल म्हणून. काही झालं नाही. मावशी आली, तिने नवीला काढलं, काखेत धरलं आणि ऊन छपरावर आहे तोवर म्हणून शिलाईच्या खोलीत चार्जिंगला लावलं. मला ओरडायचं होतं, अगं तिला टाक बाहेर, मला घे, मी निदान थंड आहे. पण गळ्यापर्यंत नुसती वाळू होती.

मावशी परसात कपडे वाळत घालत होती. आतून फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. मग माळ लागल्यासारखे. ती चिमटे टाकून दाराकडे धावली, दार उघडलं आणि तशीच मागे पडली. पडली म्हणून वाचली. पाइनची पन्नास वर्षं वाळलेली फळी, तिला काय वेळ लागतोय. बंब आला तेव्हा छप्पर बसलं होतं. बेटावरची निम्मी माणसं बादल्या घेऊन आली होती आणि बादल्या हातात धरून उभी होती. गेलं. रॉयचे हात लागलेलं सगळं गेलं. मी टाकीपाशी भिंतीवर होते, मला साधी धगही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशीला एक माणूस वही घेऊन आला. केरीही पोचली होती, आईला घट्ट धरून उभी. काळ्या राखेत चार जळक्या नळकांड्या सापडल्या, त्या त्याने पिशवीत भरल्या आणि विचारलं, "नवीच बॅटरी होती ना? जहाजातून उतरताना काही झालं होतं का?"

खेकड्या एक पाऊल पुढे आला. त्याने तोंड उघडलं, "साहेब, मी..."

"तू गप रे, मला विचारलंय त्यांनी," मावशी म्हणाली. "चूक माझी आहे. जुनी बॅटरी मी टाकून दिली नव्हती. सात वर्षांची सवय, जीव अडकला होता. बादलीतून काढून आत आणली आणि बघू चालते का म्हणून चार्जिंगला लावली. तीच पेटली. नवी बिचारी शेजारी होती, ती तिच्याबरोबर गेली."

एल्विनने कपाळावर हात मारला. "थर्झा! मी तुला किती बजावलं होतं!"

"बजावलं होतंस. माझंच डोकं फिरलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनी बॅटरी म्हटल्यावर कुणाला शंका आली नाही. वहीवाल्याने लिहून घेतलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, ते मी कानांनी ऐकत होते. राग आला. सात वर्षांत एकदा तरी मी तापले होते का?

केरी सामानाचं बघायला शेजारी गेली तशी मावशी टाकीपाशी आली. मागोमाग खेकड्या. तो पन्नाशीचा धिप्पाड माणूस हुंदके देत होता. "मावशे, मी सांगतो त्यांना. मी धुतली, मी वाळवली, मीच खोटं बोललो."

"मी नव्हते तिथे? मी काय चहा मोजत होते?"

"घर गेलं गं तुझं."

"गेलं. आणि मी आता जातेच आहे ब्रिस्बेनला. तुला रोज त्या धक्क्यावर उभं राहायचंय, लोकांच्या वस्तू हातात घ्यायच्यात. बेट लहान आहे रे. एकदा बोट दाखवलं की लोक मरेपर्यंत खाली घेत नाहीत." मग तिने बादलीकडे पाहिलं. "हिला घेऊन जा. ही कुणाला दिसली तर माझं बोलणं खोटं ठरेल."

तिने माझ्यावरची वाळू हाताने बाजूला केली. राखेने काळा झालेला हात माझ्या कवचावर ठेवला. "तुझ्यावर ढकललं गं पोरी," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय दुसरं कुणी ऐकून घेणारं नव्हतं." माझा राग तिथेच विरघळला. तिला एवढं तरी माझ्याकडून मिळालं. चढ चढवता आला नाही, आळ घेता आला.

शनिवारी ती विमानाने गेली. खेकड्या सांगत होता, विमानतळावर गर्दी मावत नव्हती, बायकांनी गळ्यात एवढ्या माळा घातल्या की तिचं तोंड दिसेना. केरी रडत होती, करार मोडू या का म्हणत होती. मोडून राहायचं कुठे, मावशी म्हणाली. पायऱ्या चढताना तिने गुडघ्याला हात लावला, मागे वळून पाहिलं नाही.

त्याला आता चार महिने झाले. मी खेकड्याच्या शेडमध्ये आहे, जाळ्यांच्या मागे, गोणपाटाखाली, त्याच बादलीत. तो कधीकधी रिकाम्या खोक्यावर बसतो आणि माझ्याशी बोलतो. लाटेचं, अर्ध्या तासाचं, नळीचं सगळं तेव्हाच सांगितलं. मावशीचा फोन येतो म्हणतो. ती पाचव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या मोटारींना बोट उचलून रामराम करते आणि कुणी उत्तर देत नाही. पोहायला जात नाही. तिथल्या तलावाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणे. आता ती काठी घेऊन चालते.

बेटावर मावशीच्या घराचा धडा सगळ्यांनी घेतला आहे. चर्चमध्ये सांगितलं गेलं, दुकानाच्या दारावर कागद लागला: जुन्या बॅटऱ्या घरात ठेवू नका. लोक आमच्यासारख्या म्हाताऱ्या काढून धक्क्यावर आणून टाकतायत आणि सायकलींना नव्या मागवतायत. धडा चुकीचा आहे हे तीनच जीवांना ठाऊक आहे. एक ब्रिस्बेनला आहे, एक मी. तिसऱ्याने तोंड उघडलं तर मावशीचा शब्द खोटा पडतो, नाही उघडलं तर काय होईल ते त्यालाही कळतंय. काल तो इथे बसून तेच तेच बोलत होता. "सांगू का गं? पण मग ती म्हणेल, एवढ्यासाठी मी खोटं बोलले होते का?" मी काय सांगणार? उत्तर माझ्यापाशी आहे, आवाज नाही.

म्हणून निदान तुम्ही तरी ऐका. खारं पाणी प्यालेली बॅटरी उन्हात वाळत नाही. ती नुसती वाट बघते. आणि कुठे या खेकड्याची गाठ पडली तर त्याला सांगा, मावशीचं घर आता जळायचं राहिलेलं नाही, दुसऱ्यांची आहेत.

आज सकाळपासून जहाज समोर उभं आहे. त्यात तीन नव्या बॅटऱ्या आहेत म्हणे, शाळेच्या बाईंची, डॉक्टरांची आणि एल्विनची. खेकड्याने मघाशी गमबूट चढवले, दाराशी थोडा थांबला आणि गेला. पत्र्यावर वारा वाजतोय. धक्क्याकडून ओरडा ऐकू आला, पहिला पडाव सोडलाय.